लाल येऊन राहिलं

ड्रिलचं टोक हाडात होतं आणि बारा डॉक्टर माझ्या मागे उभे राहून स्क्रीनकडे बघत होते. नागपुरातल्या आमच्या स्कल बेस वर्कशॉपचा दुसरा दिवस. स्कल बेस म्हणजे कवटीचा तळ, ज्यावर मेंदू टेकलेला असतो. तिथली सर्जरी आम्ही देहदानातून आलेल्या डोक्यांवर शिकवतो. आधी धमन्यांत लाल आणि शिरांत निळं रबर भरतो. मृतदेहातून रक्त येत नाही. चूक झाली तर निदान रंग तरी दिसावा.

मी डोळ्याच्या नसेवरचं हाड घासून दाखवत होतो. त्या हाडाला खेटूनच मेंदूकडे जाणारी मोठी धमनी असते. सकाळपासून उभा होतो. मान अवघडली होती आणि खरं सांगायचं तर तेच तेच बोलून मी कंटाळलो होतो. हात आपला सवयीनं चालला होता.

"सर, लाल येऊन राहिलं."

हे बोलले नामदेवराव, ॲनाटॉमीचे अटेंडंट. हाडावर पाणी सोडायचं काम त्यांच्याकडे होतं. मी थांबलो. पाण्यात लाल रबराचे कण तरंगत होते. धमनी फाटली होती. जिवंत पेशंट असता तर टेबलावरच गेला असता. मागे वळून विचारलं, तर चौघांनी ते आधीच पाहिलं होतं. सरांना कसं सांगायचं, म्हणून गप्प.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला त्यांचा राग आला, आणि स्वतःची लाज त्याहून जास्त वाटली. सोमवारी हेच हाड मला एका जिवंत माणसाचं काढायचं होतं. शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्ट गोडाऊनमधले क्लार्क. गाठीच्या दाबानं त्यांचा डावा डोळा अंधुक झाला होता. ऑपरेशन तुमच्याच हातानं करा, असं त्यांनी मला बजावलं होतं.

रविवारी वॉर्डात जाऊन त्यांना सांगितलं, की ड्रिल माझी ज्युनिअर चालवेल, मी असिस्ट करीन.

"काहून जी?"

"परवा माझ्या हातून चूक झाली. मेलेल्या माणसावर."

ते उशीला टेकून बसले. मग म्हणाले, "मंग माह्यावर उपकारच केले त्यानं."

सोमवारी ड्रिल तिनं चालवलं, सक्शन मी धरलं. डोळा वाचला. पेढे मात्र मलाच मिळाले.

आता प्रत्येक वर्कशॉपच्या सुरुवातीला सांगतो, लाल दिसलं की बोलायचं, ड्रिल सरांच्या हातात असलं तरी. सगळे माना डोलावतात. बोलतात मात्र अजून नामदेवरावच.