मधाच्या रंगाचा रुपया

रविवारी आमच्या मयूर विहारच्या घरात जेवणाच्या टेबलावर जेवायची सोय नसते. तिथे नाणी पसरलेली असतात. नोएडा-गुडगावची हौशी मंडळी आपापले जुने चांदीचे रुपये घेऊन येतात आणि आमचे हे खिडकीपाशी बसून त्यांची प्रत ठरवतात. आधी राजाच्या गालाची, मुकुटाची झीज बघायची, कारण उंचवटे पहिले झिजतात. मग रंग. वर्षानुवर्षं हवा लागून चांदीवर सोनेरी, निळसर छटा चढते, तिला ही मंडळी टोनिंग म्हणतात. ती आपोआप आलेली असली की नाण्याचा मान वाढतो. घासून चकाचक केलेलं नाणं म्हणजे वाया गेलेलं. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं मलाही कळायला लागलंय.

घरचा एक रुपया मात्र वेगळ्या डबीत असतो. तो सासूबाईंचा. "आईनं याला कधी कशाचा स्पर्श होऊ दिला नाही," असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. दिवाळीत पूजेला ठेवतानाही माझा हात लागू द्यायचे नाहीत. गेली काही वर्षं म्हणायचे, "बघ, आता मधाच्या रंगावर यायला लागलाय." मी म्हणायची, "अहो, पांढरा आहे तो!" यावर उत्तर ठरलेलं, "तुला टोनिंगमधलं काय कळतं?"

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून बदली होऊन आलेली एक आयटीतली बाई रुपया घेऊन आली. ह्यांनी तो कडेनं धरला, उजेडात तिरका केला आणि म्हणाले, "वा! काय सुंदर सोनेरी टोनिंग!" ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली. "काका, हा मी कालच सराफाकडून पॉलिश करून आणलाय." ह्यांनी तो हळूच टेबलावर ठेवला. मला इतकं वाईट वाटलं त्यांच्यासाठी, की मी उठून उगाचच चहा टाकला.

डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, म्हणून सगळं पिवळट दिसतंय. ऑपरेशनचं नाव काढलं की हे विषय बदलायचे. एकदा मी चिडलेच. तेव्हा हळूच म्हणाले, "काही बिघडलं तर? नजर गेली तर माझ्याकडे राहिलं काय, सांग." माझा रागच गेला. "नजर जातेच आहे अहो," एवढंच म्हटलं मी. शेवटी एका डोळ्यापुरते तयार झाले. तो नीट झाला तरच दुसरा, या अटीवर.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा, दिवसभर थेंब, वाकायचं नाही, डोकं धुवायचं नाही. त्यात माझ्याशी चारदा भांडण. अखेर डॉक्टरांनी परवानगी दिली, तसे हे गॅलरीतल्या उन्हात बसले आणि म्हणाले, "आईचा रुपया दे."

आधी उजवा डोळा झाकला. "मध." मग डावा झाकला. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. मला हसू येत होतं.

"पांढरा आहे गं," म्हणाले. मग भिंग मागितलं. दुसऱ्यांचे रुपये भिंगाखाली तासन्‌तास धरणारा हा माणूस घरच्या रुपयाला मात्र भिंग लावायचा नाही. घरच्याचं काय तपासायचं, म्हणे. त्या दिवशी लावलं. राजाचा गाल झिजलेला नव्हता, पण चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत बारीक ओरखडे होते, गोल गोल, एकात एक.

"घासलाय," हे म्हणाले. "चांगला दाबून घासलाय."

मला वाटलं, आता खचणार. पण ते भिंग खाली ठेवायलाच तयार नव्हते.

"दिवाळीच्या आधी आई सगळी चांदी रांगोळीनं घासायची. वाटीत रांगोळी मीच काढून द्यायचो. साफ विसरलो होतो बघ." त्यांनी ओरखड्यांवरून अंगठा फिरवला, नाण्याच्या तोंडावरून, जे ते जन्मात कुणाला करू देत नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तशी मी ओरडले, "अहो, थेंब घातलेत आत्ताच!"

"असू दे," म्हणाले. "दुसऱ्या डोळ्याची तारीख घे. लवकरची."