रोलरमागची गाडी

वडील गेले आणि आई कुठे टिकेना. जळगावला माझ्याकडे आली की आठव्या दिवशी बोचकं उचलायची, "चाल भाऊ, माले धुळ्याले सोड." धुळ्याला बहिणीकडे पोचवावी, तर पंधरा दिवसांत बहिणीचा फोन, "दादा, घेऊन जा रे हिला. बोचकं मांडीवर घेऊन दारात बसते."

बोचकं सोडायचं तर नावच नको. मी कपाटाचा अख्खा कप्पा रिकामा करून दिला, त्यात तिने एक रुमालसुद्धा ठेवला नाही. लुगडं लागलं की गाठीच्या फटीतून ओढून काढायची. खाणं कमी झालं, वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, "या वयात ही धावपळ झेपायची नाही, एका जागी राहू द्या." अहो, राहू द्यायला मी तयारच आहे, तिला कोण सांगणार!

मग निदान मीच केलं. पायाला भिंगरी. वडील सरकारी रोडरोलर चालवायचे. रस्त्याचं काम जिथे निघेल तिथे मुक्काम. रोलरच्या मागे चार चाकांची पत्र्याची खोली जोडलेली, तिच्यात आम्ही चौघं. यावल, फैजपूर, दोंडाईचा, कुठल्या ना कुठल्या रस्त्याच्या कडेला आमचा संसार. बारा वर्षं जी बाई चाकांवर राहिली, तिला विटांच्या घरात काय करमणार? असं आपलं माझं गणित.

आणि नेमकी तशीच गाडी मला दोंडाईच्याजवळ एका शेतात दिसली. आत ढेपेची पोती आणि कोंबड्या. आमचीच होती की तिची सख्खी बहीण, देव जाणे. पण चुलीच्या कोपऱ्यातला काळा पडलेला पत्रा पाहिला आणि मला राहवेचना. ट्रकवर घालून घरी आणली. बायको दारातच म्हणाली, "भंगारवाला आला ना, की आधी तुम्हालाच उचलायला सांगते."

मी शेतपंपांच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. पत्र्याचं काम आपल्या हातचं, असं वाटलं होतं. कसलं काय! खालच्या फळ्या कुजलेल्या, छताला भोकं, जागोजागी डांबर. ऐन उन्हाळ्यात तीन महिने रोज दुकानातून आलो की आधी पत्र्याला भिडायचो. खरवडता खरवडता हिरव्या रंगाखाली जुना सरकारी पिवळा निघाला. मला तर चहा प्यायलाही बसवेना. चाकं मात्र गंजून अशी जाम झाली होती की आठ दिवस रॉकेल पाजलं, हातोडे घातले, शिव्या घातल्या. बेअरिंग धुळ्याहून आणली. शेवटी एक चाक नुसत्या बोटाने गरगर फिरलं तेव्हा मी अंगणात एकटाच ओरडलो. मनात ठरवून टाकलं, हिला आता पहिली तोरणमाळला न्यायची.

आईला धुळ्याहून आणलं. तिने गाडीला एक पूर्ण फेरी मारली. आत वाकून फळीवरून हात फिरवला, काळा कोपरा पाहिला. मी आपला तोंडभर हसत उभा. ती म्हणाली, "चाके काब्र बसाडात?"

"का म्हणजे? फिरायला!"

"काढी टाक."

माझं डोकंच फिरलं. "तीन महिने इथे हाडं मोडली मी! आणि तुलाच तर एका जागी करमत नाही. पायाला भिंगरी कोणाच्या आहे?"

"भिंगरी तुना बापना पायले व्हती," ती शांतपणे म्हणाली. "मी ते नुसती मांगे मांगे चालनू."

मग पायरीवर बसून तिने सांगितलं. प्रत्येक मुक्कामाला ती दारापुढची जागा झाडायची, शेणाने सारवायची, रांगोळी काढायची. अंगण जरा अंगणासारखं दिसायला लागलं की साहेबाचा निरोप यायचा, उद्या हलायचं. रस्ता रुंद करायचा असला तर वडिलांचा रोलर त्याच अंगणावरून जायचा. फैजपूरला तिने दाराशी वालाचा वेल लावला होता. त्याला फुलं आली, तिने हौसेने सगळं बोचकं सोडून फळीवर मांडलं, आणि दुसऱ्याच दिवशी निरोप आला. तेव्हापासून तिने धसकाच घेतला. बोचकं सोडलं की हलावं लागतं, आणि कोणी हलवण्याआधी आपणच निघालेलं बरं.

मला ते दिवस आठवतात ते दारात पाय सोडून बसलेले. काय मजा होती! रोलर बैलाच्या चालीने पुढे, आम्ही भावंडं गाडीत, आणि मागे उन्हात ती चालत असायची. गाडीचं वजन कमी राहावं म्हणून. मी कधी मागे वळून पाहिलंच नव्हतं. फार लाज वाटली.

तरी तोंडाने बडबडतच पाना घेतला. जॅक लावला, गाडी सिमेंटच्या ठोकळ्यांवर टेकवली आणि चारही चाकं काढून भिंतीशी उभी केली. आईने खाली वाकून प्रत्येक ठोकळा हाताने हलवून पाहिला. मग कुठूनसं शेण मागवलं आणि आमच्या महागड्या फरशीवर दारापुढचा चौकोन सारवला. बायको कपाळाला हात लावून आत गेली.

आई बोचकं घेऊन पायरीवर बसली. गाठ बोटांनी सुटेना, तेव्हा दात लावले. लुगडी, पितळी डबा, भाकरीची लाकडी काठवट, वडिलांचा चष्मा, एकेक करून सगळं फळीवर मांडलं. रिकामं फडकं झटकलं, चार घड्या घातल्या आणि दारात खाली टाकलं.

मी ग्रीसने माखलेला तसाच पुढे झालो, तशी आतून ओरडली, "भाऊ, पाय पुसीसन ये!"