गयाचं हसू, पाटलांची गाडी

गया गेल्याला महिना झाला, पण तिच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत ऐकलेलं एक वाक्य अजून विसरता येत नाही. निवडणूक तोंडावर, म्हणून गावचे पाटील तिच्या बौद्धवाड्यात आले आणि म्हणाले, "ती आमच्या घरातलीच होती."

गयाची नि माझी ओळख दुष्काळात, नेवाशाच्या रस्त्यावर खडी फोडताना झाली. शेतं करपलेली, त्यामुळे आम्ही शेतकऱ्यांच्या बायाही कामावर. पाण्याची पिंपं मात्र दोन... आमचं बाभळीखाली, बौद्धवाड्याचं उन्हात. मिलोतल्या, म्हणजे रेशनच्या लाल परदेशी ज्वारीतल्या, अळ्या निवडून भाकरी खायचो, आणि किळस करायचो ती माणसांची.

मुकादम पोट पुढे काढून, छत्री धरून चालायचा. एकदा गया डोक्यावर पाटी धरून त्याच्यामागे तस्संच चालली. सगळी रांग हसली. तिची सावली टाळणाऱ्या माझ्या सासूबाईसुद्धा डोळे पुसत हसल्या. मग रोज नवी नक्कल. बाया हळूहळू तिच्याजवळ सरकून बसू लागल्या. जिच्यासोबत पोट दुखेपर्यंत हसलो, तिला परकं धरणं जड जायला लागलं.

एका दुपारी पोटुशी विमल चक्कर येऊन पडली. आमचं पिंप रिकामं. गया आपल्या पिंपातून तांब्या भरून आली आणि लांबच थांबली.

"हुबी काय ऱ्हायलीस? पाज तिला," सासूबाई म्हणाल्या. उरलेलं पाणी त्या स्वतः प्यायल्या. तेव्हापासून दोन्ही पिंपं बाभळीखाली. मुकादमानं हलवली, आम्ही पुन्हा आणली.

पुढं पाऊस झाला, काम संपलं, गाव पूर्वीसारखं वागू लागलं. बाळंतपणात गयाला ताप चढला. दवाखान्यात न्यायला तिचा नवरा पाटलांकडे बैलगाडी मागायला गेला. गाडी बाटेल, म्हणून पाटलांनी दिली नाही. आम्हाला कळून आमची गाडी जुंपेपर्यंत फार उशीर झाला होता. ती वाटेतच गेली.

म्हणून त्या दिवशी पाटलांचं वाक्य संपताच सासूबाई उभ्या राहिल्या. "घरातली हुती, तर गाडी का दिली न्हाई?"

पाटील चपला घालून निघाले.

आता गयाची थोरली, सुमन, रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येते. सासूबाई तिला पुढ्यात घेऊन केसांना तेल लावतात, वेणी घालतात. पाटील समोरून जाताना थुंकतात. सासूबाई मान वर करत नाहीत. "हलू नको गं," म्हणतात, आणि सुमन मोठ्यानं हसते... अगदी आईसारखी.