चाचांचं न घेतलेलं व्याज

चाचांना गावच्या पाणी कमिटीने फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पनवेलात आता कोणी ते मोठ्याने बोलत नाही.

बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर चाचांचं दोरखंडाचं दुकान होतं. माल मागितला की दोराचं एक टोक तुमच्या हातात द्यायचे, दुसरं स्वतः धरायचे आणि म्हणायचे, "खेच शेट, मंग बोल." साठीचा माणूस, पण पोती वाहून वर आलेला मी दरवेळी दोन पावलं पुढे ओढला जायचो.

भाव मात्र एकच. मी चिडून पायरी उतरायचो. इतर दुकानदार अशा वेळी हाक मारतात. चाचा विडी पेटवायचे. "जा, जा. पार अलिबागपर्यंत फिरून ये. दोर इथंच हाय." मी शिव्या देत परत यायचो, तोवर चाचीने आतून माझा चहा पाठवलेला असायचा. तसा चहा पुन्हा मिळाला नाही.

त्या घराला दुःख एकच होतं. गल्लीतली विहीर खाडीलगतची. होळीनंतर पाणी मचूळ व्हायचं. मग चाची लांबच्या विहिरीवर हंडा घेऊन जायची. तिची कंबर पार गेली होती.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी नळयोजनेसाठी कर्जरोखे निघाले. आपण कमिटीला पैसे द्यायचे, तिने सहामाहीला व्याज द्यायचं, मुदत संपली की मुद्दल परत. मुंबईच्या बाजारात सरकारी रोखे छापील किमतीच्या खाली मिळतात, हे मला ठाऊक होतं. मी कमिटीच्या अध्यक्षांना विचारलं, "शंभराचा पंच्याण्णवला सोडता का?"

"अहो, ही काय भाजी आहे?"

अख्खा बाजार हसला. डोकं तापलं, पण रोखा घेतला. चाचांनी तर पेटीतली सगळी पुंजी रोख्यांत घातली. वर म्हणाले, "सूद लिवू नका. आमच्यात चालत नाय."

"मग रोखा घेता कशाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"गावात पाणी येल म्हणून."

व्याज असं सोडून देणारा माणूस पाहून मला राहवेना. मी म्हटलं, "साहेब, यांचं व्याज तुमच्याकडेच राहणार. त्या पैशांत यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक नळ बसवा."

चाचा विचारात पडले. "माझ्या घरात नको. गल्लीत सगल्यांना असल तर चालल."

अध्यक्षांनी सगळ्यांदेखत हातावर हात मारून शब्द दिला. मी लेखी मागितलं, तर चाचांनीच माझा दंड दाबला. "गप रे. गावाचा शब्द हाय."

नळ आला. बाजारात आला, अध्यक्षांच्या आमराईच्या कुंपणाशी आला. चाचांच्या गल्लीत आला नाही. मी सहामाहीला व्याज घ्यायला जायचो, चाचा बरोबर यायचे ते नुसतं विचारायला.

"साहेब, आमचा नळ?"

"पुढच्या उन्हाळ्यात, चाचा."

चाचीला उठवेना झालं, तेव्हा चाचांनी स्वतःच कावड उचलली; दुसऱ्याच्या दारचा नळ नको म्हणून लांबच्या विहिरीवरूनच पाणी आणायचे. भर बाजारातून, त्या आमराईवरून जायचे. मी दात खात उभा दिसलो की हसायचे. "शेट, तुझा सौदा बुडला बघ!"

मुदत संपली, मुद्दल मिळालं. नळाचं काढलं तर अध्यक्ष म्हणाले, "व्याज तुम्हीच नाकारलंत. आता हक्क कसला?" मी टेबलावर हात आपटला. चाचा मला धरून बाहेर घेऊन आले आणि बराच वेळ माझी पाठ थोपटत राहिले. बुडाले होते ते, आणि समजूत माझी काढत होते.

त्याच उन्हाळ्यात ते गेले. शेवटच्या आंघोळीला गोडं पाणी हवं होतं. लांबच्या विहिरीवरून आम्ही हंडे आणले. एक माझ्या खांद्यावर होता. वाटेत आमराईपाशी नळ ठिबकत होता.

अध्यक्ष अजूनही सकाळी बाजारात भेटतात, नमस्कार करतात. मला नमस्कार नको. चाचांचं व्याज कुठे गेलं आणि चाचीला आजही पाणी दुसऱ्यांकडून का मागावं लागतं, ते त्यांनी चार माणसांत उभं राहून सांगावं.