दोन मात्रांचा थांबा

आमच्या लोणावळ्याच्या चर्चमध्ये अर्पणाच्या वेळी एक जुनं मराठी गीत म्हणतात. त्याच्या दुसऱ्या ओळीच्या शेवटी आम्ही दोन मात्रा थांबायचो. पुस्तकात तिथे थांबा नाही. पुण्यात कोणी थांबत नाही, नगरकडे थांबत नाहीत, जगात कुठेच थांबत नसावेत. आम्ही मात्र थांबायचो, आणि नुसती गाणाऱ्यांची क्वायर नाही, खाली बाकांवर बसलेली सगळी माणसंसुद्धा. बदली होऊन आलेले फादर पहिले काही रविवार एकटेच पुढे निघून जात, मग ओशाळून गप्प होत. सहा महिन्यांत तेही थांबायला शिकत. एकदा पुण्याला एका लग्नाच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, मी सवयीनं थांबले, तेव्हा पुढच्या बाकावरची बाई मागे वळून म्हणाली, लोणावळ्याच्या का तुम्ही? तीही आमच्याकडचीच निघाली, लग्न होऊन गेलेली.

या सगळ्याचं कारण आमची पायपेटी. चर्चच्या मागच्या बाजूला लाकडी जिना चढून गेलं की क्वायरचा माळा, आणि माळ्यावर ती पायपेटी. आमच्या गावच्या पावसात चपलांना, पुस्तकांना, फादरांच्या झग्यालाही बुरशी येते, तिथे पेटीच्या भात्याचं कापड किती टिकणार? ओल लागू नये म्हणून पेटीच्या पोटात एक पिवळा बल्ब बारा महिने लावून ठेवलेला असे. तरी भाता फाटायचाच. एके ठिकाणी ठिगळ लावलं की शेजारी फाटायचा. त्या गीताच्या दुसऱ्या ओळीचा शेवटचा सूर उंच आणि लांब आहे. तो वाजवता वाजवता पेटीतली हवा संपायची. मग वाजवणारे आबा दोन्ही पाय भराभर मारून भाता भरून घ्यायचे, आणि तेवढा वेळ आम्ही तोंड मिटून उभे. दोन मात्रा. मग तिसरी ओळ.

आबा रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. स्वरलिपी वाचायला मिशनच्या बोर्डिंगात शिकलेले, बोलणं मात्र पक्कं मावळातलं. क्वायरमध्ये ते कधी कोणावर ओरडले नाहीत. कोणी बेसूर झालं की पेटी बंद करायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. आपलं चुकलंय हे ज्याचं त्यानं ओळखायचं. तीच शिक्षा मी शाळेत माझ्या सातवीच्या वर्गाला देऊन बघितली. मुलं आनंदानं खिडकीबाहेर बघायला लागली.

मी आल्टोत. आल्टो म्हणजे बायकांचा खालचा सूर, जिला वरच्या सोप्रानोत घेत नाहीत पण घरीही पाठवता येत नाही ती. माझ्या बरोबर मागे, पुरुषांच्या खर्जात, बासमध्ये, आमचे हे उभे राहायचे. ह्यांना स्वरांचं फार काही कळत होतं असं नाही, पण फलाटावरून पलीकडच्या फलाटावरच्या माणसाला हाक मारावी तसा आवाज होता, आणि तो आबांना हवा असायचा. आता त्या दोन मात्रांमध्ये काय व्हायचं ते सांगते. सगळं चर्च गप्प. आबांच्या पायांची खटखट. आणि माझ्या मानेमागे हे श्वास भरून घ्यायचे. लांब, नाकानं, आणि शेवटी बारीक शिट्टी वाजायची, कारण लहानपणी कबड्डीत ह्यांचं नाक मोडलं होतं. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरी येऊन मी बोलायचे, तोंडानं घ्या ना श्वास, खालच्या बाकांपर्यंत ऐकू जातो. हे म्हणायचे, जाऊ दे की, तेवढंच आमचं सोलो.

ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. फोटो आहेत. मोबाइलवर नाताळच्या गाण्यांचं एक रेकॉर्डिंग आहे, पण त्यात सगळे एकदम आहेत, ह्यांचा आवाज मला वेगळा काढता येत नाही. एक ती जागा होती. हे गेल्यानंतरही दर रविवारी दुसरी ओळ संपली की चर्च थांबायचं, आणि मला मागे ते ऐकू यायचं. खरं नाही हे मला कळतं, मी तीस वर्षं विज्ञान शिकवलंय. पण यायचं. मी आठवडाभर त्याची वाट बघायचे, अगदी लाज वाटावी इतकी.

तोवर पायपेटी जाऊन कीबोर्ड आला होता, हवेचा प्रश्न उरला नव्हता. तरी आबा तिथे थांबायचे, आम्हीही थांबायचो, आणि टेबलाखाली आबांचे पाय उगाच हलायचे. पुढे आबांचे गुडघे गेले, जिना चढवेना. मुलगी त्यांना वराळ्याला तिच्या फ्लॅटवर घेऊन गेली. क्वायर माझ्याच एका विद्यार्थिनीकडे आली. तळेगावच्या कारखान्यात नोकरी करते, शनिवारी संध्याकाळी येऊन सराव घेते, आणि कान तिचा आबांइतकाच तिखट आहे. हे मी तिला सांगितलेलं नाही.

यंदा चर्चच्या सणाला आजूबाजूच्या गावांतून माणसं येणार होती. ती म्हणाली, टीचर, हा थांबा पुस्तकात नाहीये, आपण एकदा सरळ म्हणू या का? ऱ्हिदम लावला की कीबोर्ड आपल्यासाठी थांबत नाही, सगळा गोंधळ होतो. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला म्हटलं, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून आम्ही थांबतोय. आणखीही बरंच बोलले. पोरगी लालबुंद झाली, पण मागे हटली नाही. शेवटी फादर म्हणाले, आबांना विचारा, ते म्हणतील तसं. मी म्हटलं, ठरलं. आबा माझ्याच बाजूनं बोलणार याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.

लोकलनं तळेगाव, तिथून रिक्षानं वराळे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत आबा खुर्चीवर बसले होते. समोर अर्धवट बांधलेल्या इमारती, मध्येच उरलेलं एक भाताचं खाचर. मी सगळी हकिकत सांगितली, माझी बाजू जरा तिखटमीठ लावूनच. आबा मान वळवून बाहेर बघत बसले. बेसूर कोण झालं होतं ते मला कळलं.

मग बाहेर बघतच ते म्हणाले.

"बाई, त्यो थांबा म्हंजे माजी लाज व्हती. दर रविवारी ती ओळ आली की मान वर व्हत नव्हती. समदं चर्च माज्या फाटक्या भात्यासाटी खोळंबलंय. नवी पेटी आली तरी तुमी थांबलाच, मंग मीबी थांबलो. मला वाटायचं, तुमी माजी कीव करताय. मरायच्या आदी एकदा ते गानं सरळ ऐकायचं हाय मला."

इतकी वर्षं आम्ही प्रेमानं थांबत होतो, आणि ते माणूस दर वेळी खाली मान घालून पाय मारत होतं. मला उठून जावंसं वाटलं. पण उठले नाही. जे मी मुलांनासुद्धा सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं.

"आबा, त्या थांब्यात मला आमचे हे ऐकू येतात. श्वास घेताना."

आबांनी कानातलं यंत्र नीट केलं. त्यांना पहिल्या वेळीच ऐकू गेलं होतं, तरी केलं. मग म्हणाले, "मंग ऱ्हाऊ द्या. मी लय ऐकलंय आयुष्यात. तुमी म्हनाल तसं."

मुलीनं चहा आणून ठेवला होता, त्याच्यावर साय धरली होती. मी तो तसाच प्यायले.

परतीच्या गाडीत मला आबांचा रागच आला. त्यांनी हट्ट धरला असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. त्यांनी सगळं माझ्या ओटीत टाकून दिलं. कामशेत गेलं, मळवली गेलं, मी खिडकीला डोकं लावून बसले होते. आबा आहेत, आणि त्यांच्याजवळ फार वेळ नाही. ज्यांच्यासाठी मी थांबतेय ते काही येणार नाहीत. हे मला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, पण मी ते मनातल्या मनात म्हटलं नव्हतं. लोणावळ्याला उतरून मी पोरीला फोन केला आणि म्हटलं, आबा म्हणतात पुस्तक बरोबर आहे. सरळ म्हणू या.

मग जुन्या लोकांना शिकवायचं काम माझ्याचकडे आलं. तोंडं आपोआप मिटायची. मी नेमकी तिथे टाळी वाजवायचे, म्हणजे कोणी थांबू नये. तीन शनिवार मी माझ्या हातानं ती जागा बुजवत होते.

सणाच्या दिवशी सकाळी धुकं होतं. आबा मुलीच्या गाडीतून आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि पहिल्या बाकाशेजारी खुर्चीत बसले. अर्पणाचं गीत सुरू झालं. पहिल्या कडव्याला आम्ही सरळ गेलो आणि खालची माणसं सवयीनं थांबली, मग धावत आम्हाला गाठू लागली. दुसऱ्या कडव्याला निम्मी आली. तिसऱ्याला सगळं चर्च एका सुरात पुढे निघालं, पाहुणे, आम्ही, सगळे. गीत सुंदर झालं. मी कान मागे लावून ठेवला होता. दुसरी ओळ संपली तिथे लगेच तिसरी ओळ होती.

मिस्सा संपल्यावर मी खाली आले. आबांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "पुरं ऐकलं, बाई." मग हळू विचारलं, "तुमाला आलं ऐकू?"

मी म्हटलं, मलाही आलं. चर्चच्या दारात, सणाच्या दिवशी, मी धडधडीत खोटं बोलले, आणि फादरांपुढे त्याची कबुली मी अजून दिलेली नाही.

आता रविवारी आम्ही सरळच म्हणतो. पोरं तर विसरूनही गेली. घरी मात्र, संध्याकाळी कणीक मळताना, मी ते गीत आमच्या पद्धतीनं म्हणते. दुसरी ओळ संपली की हात थांबवते. दोन मात्रा मोजते, कधी कधी दोनाच्या चार होतात. मागे कोणी श्वास घेत नाही. मग मीच घेते, लांब, नाकानं, आणि तिसरी ओळ सुरू करते.