गावाचा वाढदिवस

आखातातल्या अल रीम बेटावरच्या आमच्या टॉवरमध्ये एक ब्राझिलियन इंजिनियर राहतो. संध्याकाळी पाण्याकाठच्या बाकावर भेटतो आणि मोडक्या इंग्रजीत, अगदी हळू, आपल्या गावाबद्दल बोलत बसतो. गाव आधी शेजारच्या शहराच्या हाताखाली होतं. मग वेगळं झालं, पुन्हा त्याच शहराला जोडलं गेलं, पुन्हा सुटलं आणि शेवटी त्याला स्वतःची नगरपालिका मिळाली. हे तो घरातल्या मुलीने अखेर स्वतःचा संसार थाटल्यासारखं सांगतो. ऐकता ऐकता समोरची खारफुटी मला त्याच्या गावाची वेस वाटू लागते.

नगरपालिका मिळाली त्या तारखेला तो दरवर्षी केक आणतो आणि लॉबीत वॉचमनपासून सगळ्यांना वाटतो. गेल्या वर्षी माझ्या हातात तुकडा ठेवत त्याने विचारलं, "आणि तुझ्या गावाचा वाढदिवस?"

आमच्या कोकणातल्या गावाला कसला आलाय वाढदिवस! नुकत्याच झालेल्या जत्रेची तारीख मी सांगून टाकली.

यंदा मी सांगितलेल्या त्या तारखेला बेल वाजली. दारात हा, हातात केक. माझी मुलगी धावत आली. "बाबा, हूज बर्थडे?"

जत्रा तिथीने येते. यंदाची कधीच होऊन गेली होती आणि मला तिची आठवणही झाली नव्हती. मी केक घेऊन त्याला आत बोलावलं.

"आपल्या गावाचा," मी मुलीला म्हटलं.

"विच गाव?"

त्यातलं 'विच' त्याला कळलं असावं; तो सोफ्यावर सावकाश टेकला आणि बाकावर त्याच्या गावाची गोष्ट ऐकताना मी त्याच्याकडे बघतो तसा माझ्याकडे बघत राहिला.