त्या दिवशी माळेगावला उतरलो नाही

देवावर माझा विश्वास लहानपणापासून आहे. नवऱ्यावर मात्र त्या काळात अजिबात नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण हा अनुभव म्हणजे बराचसा त्याच चुकीची कबुली आहे. लातुरात क्लासेसचं पेव फुटलं तेव्हा आम्ही किल्लारीहून येऊन बाहेरगावच्या मुलांसाठी खानावळ सुरू केली. भाकऱ्या मी थापायची आणि वरण-भाजी हे करायचे. ह्यांच्या हाताला अशी चव की डॉक्टर व्हायला आलेली पोरं पाठ केलेलं सगळं विसरतील, पण ह्यांचं वरण विसरायची नाहीत. स्वभाव लोण्याहून मऊ. कोणाला चाचणीत मार्क कमी पडले ते चेहऱ्यावरून ओळखायचे आणि त्याच्या ताटात न बोलता गुळाचा खडा ठेवायचे. आणि हाच माणूस दुपारची पंगत उठली की कोठीच्या खोलीत जाऊन पीत बसायचा.

भूकंपात ह्यांची आई आणि धाकटी बहीण गेली. हे त्या रात्री शेतात राखणीला होते म्हणून वाचले. पुढे गाव उठून नव्या जागी बसलं, आम्हाला पक्कं घर मिळालं, पण ह्यांना छताखाली झोप येईना. झोपेसाठी म्हणून घेतलेली दारू बारा वर्षांत सरकत सरकत सकाळच्या चहाच्याही आधी येऊन बसली. मी ती लपवली. खानावळीत दारुड्या आहे असं कळलं तर कोण आईबाप पोरं पाठवतील? म्हणून ह्यांचा तोल गेला की 'शुगर आहे हो ह्यांना, चक्कर येते' असं मी हसून सांगत असे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला समजावायची. पण मूठ झाकलेली असली की इलाज तरी कोणाला विचारणार? अख्ख्या लातुरात मी एकाही माणसापाशी दारूचा शब्द काढला नाही.

शेवटी कुलदैवत आठवलं. आमचा देव माळेगावचा खंडोबा. आमच्याकडे बेलभंडार उचलणं म्हणजे अखेरचा शब्द. तळहातावर बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा घेऊन देवापुढे जे बोललं, ते मरेपर्यंत मोडायचं नाही. एका रविवारी सकाळी मी ह्यांना अंघोळ करायला लावली आणि देव्हाऱ्यापुढे बसवलं.

"एकदम कशी सुटंल गं? हळूहळू कमी करतो की," हे म्हणाले.

"देवासंगं घासाघीस करता व्हय?" मी म्हणाले आणि ह्यांच्या तळहातावर भंडारा ठेवला.

ह्यांनी डोळे मिटले, आजपासून थेंब घेणार नाही असं बोलले आणि तो भंडारा कपाळाला लावला. मी कोठीतल्या बाटल्या मोरीत ओतल्या. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांचे हात कापू लागले. भाजी चिरता येईना. अंगाला घाम, पोटात अन्न टिकेना. तिसऱ्या दिवशी सकाळी हे भिंतीवरच्या मुंग्या झटकू लागले, आणि भिंतीवर एकही मुंगी नव्हती. मग एकाएकी कान टवकारून म्हणाले, "आई दगडाखाली हाय. हाक मारून राहिली. काढा तिला." मला ओळखेनात. आणि अशा वेळी बायकोने काय करावं? मी ह्यांच्या दंडाला धरून हलवलं आणि ओरडले, "चोरून प्यालात ना? भंडारा उचलून प्यालात ना? म्हणूनच देव कोपला!" क्षणभर ह्यांची नजर माझ्यावर ठरली. "न्हाई गं. भंडाऱ्याची आण. न्हाई प्यालो," एवढं म्हणाले आणि परत मुंग्या झटकू लागले. मी विश्वास ठेवला नाही. आजही ते आठवलं की मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

औश्याहून माझा थोरला भाऊ धावत आला. त्याला मला पहिल्यांदाच खरं सांगावं लागलं. दादाचंही तेच म्हणणं पडलं. शपथ मोडली, देवाने शिक्षा दिली, आता माळेगावला नेऊन पायावर घालू, तोच सोडवील. शेजारच्या एका मावशीने न सांगताच ओळखलं असावं, ती हळूच म्हणाली की घोटभर पाजून बघा, शांत होतील. तिला मी फाडकन सांगितलं, "मेले तरी पाजणार न्हाई." किती सहज म्हणाले होते मी ते.

लातूरहून नांदेडच्या एसटीत ह्यांना खिडकीपाशी बसवलं. एका बाजूला मी, पुढच्या सीटवर दादा. ह्यांचं पुटपुटणं चालू होतं, हात हवेतून काहीतरी वेचत होते. लोक वळून बघत होते आणि मी सवयीने प्रत्येकाला शुगर सांगत होते. अहमदपूरला एक साठीच्या मुसलमान बाई चढल्या. बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन आमच्याच सीटवर, माझ्या शेजारी टेकल्या. नांदेडच्या राहणाऱ्या, लग्नघरी चुडे भरून परत निघाल्या होत्या. त्यांच्या मनगटातल्या बांगड्या वाजल्या आणि ह्यांनी माझ्यावरून हात लांबवून त्यांचा हात गच्च धरला. "आई, सोडू नगं," म्हणाले. मी शरमेने लाल झाले, हात सोडवू लागले. बाईंनी मला मानेनेच थांबवलं. त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, बोटं उलगडली, तळवा चाचपला, आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.

"कधीपासून बंद हाय ह्यांची?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"काय बंद?"

"दारू, बेटा."

मी म्हणाले, शुगर आहे. त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. "हात धरू धरू जिंदगी गेली माझी. तापलेला हात, भ्यालेला हात, नव्या नवरीचा हात, समदे कळतेत मला. हा हात दारू तोडलेल्याचा हाय. माझ्या घरवाल्याचा बी असाच थरथरायचा. चार रोज झाले होते सोडून. आम्ही म्हणलो बाहेरचं हाय, दर्ग्यावर नेलं. दवाखान्यात न्यायचं होतं, बेटा. ते वापस आले न्हाईत."

बारा वर्षं जे घराबाहेर कोणाला सांगितलं नव्हतं, ते सगळं मी त्या अनोळखी बाईला कुजबुजत सांगून टाकलं. भूकंप, कोठीची खोली, बेलभंडार, आणि हे चोरून प्याले असणार म्हणून देव कोपलाय, तेही.

"देव कोपला न्हाई. कुणीच कोपलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी सीधा नांदेडच्या सरकारी दवाखान्यात चला. मी संगं येते."

तेवढ्यात गाडीचा वेग कमी झाला. "माळेगाव! माळेगाववाले चला लवकर," कंडक्टर ओरडला. दादा पिशवी घेऊन उभा राहिला. मला उठता येईना. एका बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांचा देव, ज्याच्यापुढे मी ह्यांना बसवलं होतं, आणि दुसऱ्या बाजूला अर्ध्या तासापूर्वी भेटलेली, नावही माहीत नसलेली बाई. मी त्यांना म्हणाले, "देवाच्या दारातून कसं जाऊ हो पुढं?"

"देव कुठं पळून चाललाय का? खंडोबा उद्या बी हितंच हाय," त्या म्हणाल्या. "ह्यांचा उद्या मातर मला दिसून न्हाई राहिला."

हे ऐकलं आणि मनातली भीती अचानक स्वच्छ दिसली. मला देवाची भीती नव्हती वाटत, ह्यांना गमावण्याची वाटत होती. मी बसूनच हात जोडले. मल्हारी, माझं चुकत असेल तर मला शिक्षा कर, ह्यांना नको, एवढंच म्हणाले. मग कंडक्टरला सांगितलं की आमची तिकिटं नांदेडपर्यंत वाढवा. दादा माझ्यावर असा भडकला की पुढे आठवडाभर धड बोलला नाही, पण बिचारा उतरलाही नाही. गाडी सुटली. माळेगाव मागे जाताना मी खिडकीतून बघत राहिले आणि मला रडू आवरेना.

दवाखान्यात आपांनीच (तोवर मी त्यांना आपा म्हणू लागले होते) शिपायाला दटावून स्ट्रेचर आणवलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ह्यांना तपासलं, सुई लावली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, शेवटची कधी घेतली? मी म्हणाले, रविवारी सोडली, पण मधे चोरून घेतली असेल. त्या म्हणाल्या, "नाही हो. तीन दिवस थेंबही घेतला नाही म्हणूनच तर हे झालंय. इतक्या वर्षांची दारू घरच्या घरी एकदम तोडली तर जीवावर बेततं. औषधं चालू ठेवून, डॉक्टरच्या नजरेखाली तोडायची असते. आणखी उशीर केला असता तर सांगता आलं नसतं." पुढेही त्या खूप काही बोलल्या. माझ्या कानात एकच वाक्य घुमत होतं. थेंबही घेतला नाही. ह्यांनी देवाला दिलेला शब्द जीव जायची वेळ आली तरी पाळला होता, आणि मी त्यालाच शपथ मोडल्याची खूण समजले होते.

दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी ह्यांनी मला ओळखलं. पहिलं वाक्य काय बोलावं माणसाने? "पोरांचं वरण कोण करून राहिलंय?" मी ह्यांच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाले, तुम्ही खरं बोललात आणि मी तुम्हाला खोटं ठरवलं, माफ करा.

"बारा वर्षं खोटंच बोललो की मी," हे म्हणाले. "मधीच एकदा खरं बोललो, तर तू तरी कसं वळखावं?"

निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं की दवाखान्याने जीव वाचवला, पण दारू सुटलेली टिकवायला सोबत लागते. लातुरात दारू सोडलेल्या माणसांची दर रविवारी संध्याकाळी बैठक भरते, घरच्यांचीही वेगळी भरते. त्यांनी चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. मी वाचला आणि मला हसावं की रडावं कळेना. आमच्या खानावळीच्या मागच्या गल्लीतला क्लासचा हॉल! रविवारी तिथे जमणाऱ्या माणसांना मी दोन वर्षं थर्मास भरभरून चहा पाठवत होते. मला वाटायचं, पालकसभा आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो वळसा मी नांदेडपर्यंत घातला. पण तो घातला नसता तर ती चिठ्ठी मला कोणी दिली असती?

हे त्या बैठकीत जाऊ लागले. बाकांवर बसून, फळ्यावर कुठलंतरी समीकरण तसंच राहिलेलं असताना, ह्यांनी पहिल्यांदा आईविषयी सांगितलं. मी बायकांच्या बैठकीत पहिल्यांदा 'शुगर' न म्हणता 'दारू' म्हणाले. सगळं सरळसोट झालं असं नाही. आठ महिन्यांनी पोळ्याच्या दिवशी हे घसरले. पण घरी येऊन मी विचारायच्या आत स्वतः बोलले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून डॉक्टरांकडे गेले.

चमत्कारातली माणसं पुन्हा सापडत नाहीत म्हणे. माझी सापडली. दवाखान्यातच आपांनी पत्ता दिला होता आणि वरणाची गोष्टही ऐकली होती. नांदेडला त्यांच्या गल्लीत आम्ही दोघं गेलो, तेव्हा आपांनी "वरणवाला कसा हाय?" म्हणत ह्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि माझ्या दोन्ही हातांत हिरवा चुडा भरला. परतताना माळेगावला उतरलो. मी देवापुढे बराच वेळ माफी मागत बसले. हे लगेच उठले. काय मागितलंत, असं विचारलं तर म्हणाले, "काई न्हाई. आज प्यालो न्हाई, तेवढं सांगून आलो."

एक कबुली राहिली. इतकं सगळं होऊनही मी ह्यांचा वास घ्यायची. बाहेरून आले की पदराने घाम पुसायच्या मिषाने जवळ जायची आणि श्वास ओढायची. ह्यांना कळायचं. पुढेपुढे हे आपणच उंबऱ्यावर थांबून तोंड पुढे करू लागले, "घे बाई, हजेरी घे." चेष्टेने म्हणत, पण डोळे खाली असत. बायकांच्या बैठकीतल्या एका आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "देवाच्या हवाली केलंस म्हणतीस, आन्‌ पहारा तूच देतीस व्हय गं?" मी घरी येईपर्यंत त्यावर विचार करत होते. त्या संध्याकाळी ह्यांना बाजारातून यायला उशीर झाला. छातीत तीच जुनी धडधड सुरू झाली. हे आले, भाजीची पिशवी ठेवली आणि नेहमीसारखे उंबऱ्यावर थांबले. मी मल्हारीचं नाव घेतलं आणि चुलीपासून उठलेच नाही.

"हात धुऊन या," मी म्हणाले, "ताट वाढलंय."